सगळे पुटपुटतात

फिरत्या बाईंच्या वाट्याला नऊ शाळा होत्या आणि एकाही शाळेत त्यांच्या नावाची खुर्ची नव्हती. ज्या शाळेत ऐकू न येणारी किंवा कमी ऐकू येणारी मुलं असतील तिथे स्कूटरवरून जायचं, मुलाला तासभर वर्गाबाहेर काढून शिकवायचं, त्याचं कानातलं यंत्र तपासायचं, वर्गावरच्या शिक्षकांना चार गोष्टी सांगायच्या, आणि पुन्हा स्कूटर सुरू करायची. म्हणून त्या फिरत्या बाई. शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे हेच म्हणत. तेवीस वर्षांत त्यांचं खरं नाव विचारायची तसदी तीन-चार जणांनीच घेतली असेल.

स्कूटरच्या डिकीत एक पत्र्याचा डबा असे. त्यात बारीक बॅटऱ्या, प्लास्टिकच्या नळ्या, यंत्राच्या कानात बसणाऱ्या साच्यातला मळ उडवायचा रबरी फुगा, आणि मुलाच्या यंत्रातून आवाज कसा येतोय ते स्वतःच्या कानाने ऐकून बघायची नळी. कामात बाई वाघ होत्या. यंत्र नुसतं हातात घेऊन, हे चार दिवस बंद आहे आणि घरच्यांना पत्ता नाही, हे त्या सांगत. पण माणसांविषयी त्यांचं मत वाईट होतं, आणि दरसाल ते आणखी वाईट होत चाललं होतं.

त्याला माणसंही कारण होतीच. एक मुख्याध्यापिका दर जूनमध्ये ठणकावून सांगायची, "आमच्याकडे तसलं कोणी नाही हो," आणि त्याच वेळी तसली दोन मुलं मागच्या बाकावर खिडकीबाहेर बघत बसलेली असायची. एक आई वर्गाच्या फोटोच्या दिवशी मुलाचं यंत्र काढून पर्समध्ये ठेवायची, फोटोत बरं दिसत नाही म्हणून. फोटो निघायचा, यंत्र पर्समध्येच राहायचं, आठवडाभर. एक वरिष्ठ अधिकारी तर भेटीला आले, मुलांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गहिवरून विचारते झाले, "ही मुलं ब्रेल वाचतात ना?" बाईंनी शांतपणे सांगितलं, "नाही साहेब. आणि आंधळी मुलं खुणांनी बोलत नाहीत. एवढं लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ." त्या वर्षी त्यांची बढती हुकली. बाईंना त्याचं दुःख झालं नाही. गाढवांनी दिलेली पगडी घालून मिरवायची कशाला, असं त्यांचं म्हणणं.

गुरुवारची शाळा सगळ्यांत जुनी. तिथे बाईंना जिन्याखालची खोली दिली होती. मोडके बाक, व्यायामाच्या सतरंज्या, एक फुटका पृथ्वीचा गोल. भिंतीपलीकडे बँडपथकाची खोली. बाई शिकवायला बसल्या की पलीकडे ढोल सुरू व्हायचा. त्यांनी तक्रार केली तेव्हा तिथले हेडसर, तोंडावर कायम तूप चोपडल्यासारखं हसू असलेले, म्हणाले, "अहो बाई, तुमच्या मुलांना काय फरक पडतो?"

"फरक पडतो. यंत्राला तुमचा ढोल आणि माझा शब्द यातला फरक कळत नाही. यंत्राचंही तुमच्यासारखंच आहे."

हेडसर हसले. त्यांना टोमणा कळला नाही की कळून पचवला, हे बाईंना कधी समजलं नाही. खोली तीच राहिली.

त्या शाळेत सातवीला एक सुताराची मुलगी होती. अंगाने काडी, डोळे तिखट. घरचे, दारचे सगळे तिला लवंगी म्हणत. उजव्या कानाने काहीच ऐकू येत नव्हतं, डाव्या कानाला यंत्र लावलं की अर्धंमुर्धं यायचं, बाकीचं ती ओठांवरून उचलायची. तोंडाने बोलायची, जरा सपाट, आणि बाईंशी एकटी असली की हातांनी बोलायची. हातांनी बोलताना ती भलतीच हुशार, चावट आणि फटकळ व्हायची.

तिचे गणिताचे सर फळ्याकडे तोंड करून शिकवत. बाई त्यांना वर्षभर सांगत होत्या.

"बाई, फळ्याकडे बघू नको तर लिहू कसं? पाठीने?"

"लिहा. मग वळा. मग बोला. तिन्ही कामं एकदम उरका असं कोणी सांगितलंय तुम्हाला?"

"पण ती तर मान डोलावते हो. कळलं का विचारलं की हो म्हणते."

हे मान डोलावणं बाईंच्या ओळखीचं होतं. न ऐकू येणारं प्रत्येक पोर ते आपलं आपण शिकतं. सगळे हसले की अर्ध्या क्षणाने हसायचं, कोणी प्रश्नार्थक बघितलं की हो म्हणायचं, म्हणजे लोक आपला नाद सोडतात. बाईंनी लवंगीला त्याच दिवशी दटावलं, "खोटी मान हलवायची नाही. नाही कळलं तर नाही कळलं म्हणायचं. दहा वेळा म्हणायचं. समोरचा चिडला तर तो त्याचा प्रश्न."

लवंगीने हे असं मनावर घेतलं की गणिताच्या सरांनी पुढे बाईंकडेच तक्रार केली.

आता घरचं सांगायला हवं. बाईंचे सासरे याच गुरुवारच्या शाळेचे जुने मुख्याध्यापक. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांना घरातही सगळे 'सर' म्हणत. पोटची पोरंही सरच म्हणत, कारण दोघंही त्यांच्याच शाळेत शिकली होती आणि शाळेतून घरी आल्यावर सर काही वेगळे होत नसत. बाई लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांचा प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम झालेला होता. सून शिक्षिका आहे एवढंच सरांनी ऐकलं होतं. नेमकी कोणाची शिक्षिका हे कळल्यावर ते जेवताना म्हणाले, "आंधळ्यापुढे नाचली आणि बहिऱ्यापुढे गायली. पगार देतात ना त्याचा? मग गा."

दुसऱ्या महिन्यात एक बाई लहान मुलाला घेऊन घरी आली होती. मुलाला ऐकू येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. शाळेत घ्या म्हणून ती सरांच्या पाया पडत होती. नवी सून पाणी घेऊन दारात उभी होती. सर त्या मुलाकडे न बघता म्हणाले, "बाक भरायला मुलं कमी नाहीत माझ्याकडे. याला घरी एखादं हातकाम शिकवा." त्या बाईने पाणीसुद्धा घेतलं नाही. तांब्या तसाच हातात धरून सुनेने त्याच मिनिटाला सासऱ्यांविषयी जे मत बनवलं, ते पंचवीस वर्षांत तसूभर बदललं नाही. त्यांना वेळेवर औषधं दिली, गरम पाणी दिलं, पथ्याचं करून घातलं. मान मात्र दिला नाही. सरांना तो मिळतोय असं वाटायचं, ती गोष्ट वेगळी.

आणि मग सरांना ऐकू येईनासं झालं.

बाईंना ते घरात सगळ्यांत आधी कळलं; न कळून कसं चालेल? आधी सर म्हणायला लागले की हल्ली लोक पुटपुटतात. बातम्या देणारे पुटपुटतात, मुलगा पुटपुटतो, नातवंडं फोनवर पुटपुटतात. म्हातारपणी बहिरेपण असंच येतं. आवाज येतो, शब्द येत नाही. बारीक अक्षरं गळून पडतात. 'सात' म्हटलेलं 'आ' ऐकू येतं, मग माणूस अंदाजाने 'आठ' धरून चालतो. मुलगा म्हणाला, "उद्या प्लंबर येणार आहे," तर सर म्हणाले, "कसला नंबर?" पुढे पुढे तर त्यांनी विचारणंही सोडून दिलं आणि मान डोलवायला लागले. सगळे हसले की अर्ध्या क्षणाने हसायला लागले. समोरच्याला बोलायला फटच ठेवायची नाही म्हणून स्वतःच अखंड बोलायला लागले.

बाई भाजी चिरता चिरता हे बघत आणि त्यांना, खरं सांगायचं तर, बरं वाटे. बाक भरायला मुलं कमी नाहीत ना? मग बसा आता मागच्या बाकावर. परक्याच्या पोराच्या बाबतीत त्यांनी दुसऱ्याच दिवशी तपासणीची चिठ्ठी आणून आईबापाच्या हातात कोंबली असती. इथे त्या गप्प बसल्या. एक आठवडा, मग एक महिना, मग वर्ष उलटलं.

त्यांचा नवरा साधा माणूस. जमीन मोजणीच्या खात्यात नोकरी, बोलणं मोजकं. वडिलांचं काय होतंय हे त्याला उमगेना. वर्षाच्या शेवटी त्याची धाकटी बहीण चार दिवस राहायला आली आणि तिने निकाल देऊन टाकला.

"दादा, सरांच्या डोक्यावर परिणाम झालाय. मी विचारलं, झोप लागली का? तर म्हणाले, हो, दोन खाल्ले. वहिनी, तुम्हाला नाही वाटत?"

बाई म्हणाल्या, "डॉक्टर काय ते सांगतील."

मेंदूच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर कागदाकडे बघत हळू आवाजात प्रश्न विचारत होते आणि सर ताठ बसून भलतीच उत्तरं देत होते. वीस मिनिटांत त्या शहाण्याने एकदाही विचारलं नाही, आजोबा, ऐकू येतंय ना? गोळ्या लिहून दिल्या. बाहेर बाकड्यावर बसलेल्या बाईंनी मनात डॉक्टरची पदवी फाडून टोपलीत टाकली. पण उठून आत जाऊन, कान तपासा, एवढे दोन शब्द काही बोलल्या नाहीत. गोळ्यांनी सर दुपारभर खुर्चीत पेंगायला लागले.

त्यानंतर दोन महिन्यांनी शाळेचे जुने हेडक्लार्क वारले. सरांचे तीस वर्षांचे सोबती; दर रविवारी दोघांचा फोन असायचा. नवऱ्याने कपाटात तोंड घालून शर्ट शोधता शोधता, कसं सांगावं या संकोचात, पाठमोऱ्यानेच सांगितलं, "सर, हेडक्लार्क काका गेले सकाळी."

सर म्हणाले, "बरं झालं. पंखा जरा वाढव."

नवरा वळून बघतच राहिला. मग स्वयंपाकघरात येऊन टेबलाशी बसला, डोळे पाण्याने भरलेले. "यांना आता माणसांचंही काही वाटेनासं झालं गं. संपलं सगळं."

बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी कुकरचं झाकण लावलं आणि म्हणाल्या, "ऑफिसला उशीर होईल तुम्हाला."

आठवड्याने शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांनी सरांचा सत्कार ठेवला. सरांना न्यावं असं नवऱ्याला वाटत नव्हतं, पण हेडसरांनी पत्रिका छापून टाकल्या होत्या. सभागृह भरलं. विद्यार्थ्यांतल्या निवडक मुलांना पुढच्या रांगेत बसवलं होतं. त्यात लवंगी होती, कारण बाईंनी हेडसरांशी भांडून ती जागा मिळवली होती. बाई स्वतः तिसऱ्या रांगेत, नवऱ्याशेजारी.

हेडसरांनी तूप ओतून ओतून प्रास्ताविक केलं. शिस्तीचे महामेरू, ज्ञानाचा सागर वगैरे. सरांनी पाठ केलेलं भाषण खणखणीत म्हटलं, टाळ्या पडल्या, आणि नवऱ्याच्या जिवात जीव आला. तेवढ्यात खाली मधल्या रांगेतून एक टक्कल पडलेला गृहस्थ उभा राहिला. औषधाच्या दुकानाचा मालक, हेडक्लार्कांचा थोरला मुलगा.

"सर, आमचे बाबा मागच्या आठवड्यात गेले. शेवटच्या दिवसापर्यंत तुमची आठवण काढत होते." 

सरांनी त्याच्याकडे बघितलं. सगळे आपल्याकडे बघतायत हे त्यांना दिसलं. कौतुकाचंच काहीतरी असणार. ते तोंडभर हसले, दोन्ही हात वर केले आणि माईकमध्ये म्हणाले, "वा! वा! फार छान! असंच व्हायला पाहिजे!"

सभागृह गार पडलं. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. औषधवाला तसाच उभा. नवऱ्याने मान खाली घातली. हेडसर घड्याळ बघायला लागले. बाई बसून राहिल्या. पंचवीस वर्षं ज्याची वाट बघावी असं त्यांना वाटलं असतं, ते समोर घडत होतं, आणि आता त्यांना ते बघवेना.

पुढच्या रांगेतून लवंगी उठली. मागे वळून तिने औषधवाल्याचे ओठ वाचले होते; कोणी तिला सांगितलं नव्हतं. तिने पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरात काहीतरी लिहिलं, तीन पायऱ्या चढली आणि ती पत्रिका सरांच्या नाकासमोर धरली. त्यावर लिहिलं होतं: 'त्यांचे बाबा वारले. ते तेच सांगतायत.' आणि बोटाने औषधवाल्याकडे दाखवलं.

सरांनी चष्मा सारखा केला. वाचलं. पुन्हा वाचलं. औषधवाल्याकडे बघितलं आणि आता त्याला ओळखलं. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं, ते काढायचं कसं हे त्यांना सुचेना.

"कधी?" त्यांनी मुलीला विचारलं.

लवंगीने आठ बोटं दाखवली, आठ दिवस.

"मला कोणी सांगितलं नाही," सर म्हणाले. माईक चालूच होता.

नवरा उठून उभा राहिला. "सर, मी सांगितलं होतं, त्याच दिवशी."

सर सगळीकडे बघत होते, आवाज कुठून आला ते शोधत. लवंगीने नवऱ्याकडे बघून स्वतःच्या कानाला बोट लावलं, मग सरांकडे बोट केलं आणि पंजा नकारार्थी हलवला. एवढं शेवटच्या रांगेतल्यालाही कळलं. हेडसरांना हेच सुचलं की बाहेर चहा तयार आहे.

चहाच्या गडबडीत लवंगी बाईंना ओढत जिन्याखालच्या खोलीत घेऊन गेली. आज ढोल नव्हता. ती हातांनी बोलायला लागली.

"आजोबा तुमच्या घरात राहतात?"

"हो."

"तुम्हाला कळलं नाही?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. पण चेहरे वाचण्यात ही पोरगी त्यांचीच शिष्या होती.

"कळलं होतं."

"कधीपासून?"

"एक वर्ष."

 "मग?"

बाईंनी सांगितलं. हे गृहस्थ मुख्याध्यापक होते तेव्हा तुझ्यासारख्या मुलांना शाळेत घेत नव्हते. दारातून परत पाठवायचे. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

लवंगीने ते सगळं नीट बघून घेतलं. मग म्हणाली, "म्हणून तुम्ही पण नाही घेतलं."

बाई काही उत्तर देणार तोच तिने मान वळवली. जिला बघूनच ऐकावं लागतं, तिने मान वळवली की बोलणं संपतं. मोडक्या बाकांमधून वाट काढत ती निघून गेली. तेवीस वर्षांत बाईंनी शेकडो लोकांकडे तुच्छतेने बघितलं होतं. तसं आपल्याकडे कोणी बघितलं की कसं वाटतं, ते त्या दिवशी कळलं. आणि बघणारी तेरा वर्षांची होती.

घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा बराच वेळ बुटाची लेस सोडवत बसला.

"गोळ्या दिल्या आपण त्यांना," तो म्हणाला. "दुसऱ्या एखाद्या मुलाच्या आईने असं केलं असतं, तर तिला काय काय बोलली असतीस तू?"

बाईंना ते शब्द तोंडपाठ होते. त्यांनी ते म्हणून दाखवले नाहीत. नवरा पाच दिवस त्यांच्याशी कामापुरतं बोलला. तो कामापुरतंच बोलणारा माणूस असल्याने हे घरात दुसऱ्या कोणाला कळलं नाही, बाईंना मात्र मिनिटामिनिटाला कळलं. मेंदूच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून बंद केल्या. विचारलं बाईंनीच, आणि त्यांच्या आवाजात नेहमीची धार नव्हती.

तपासणीच्या काचेच्या खोलीत सर परीक्षेला बसल्यासारखे बसले. आवाज आला की बटण दाबायचं. ते शेवटी शेवटी न आलेल्या आवाजालाही बटण दाबायला लागले, नापास होऊ नये म्हणून. तपासणाऱ्या मुलीने आलेख दाखवला. "हे निदान आठ-दहा वर्षं हळूहळू वाढत आलंय, आजोबा."

"दहा वर्षांपूर्वी लोक इतके पुटपुटत नव्हते," सर म्हणाले.

यंत्र आलं. पहिल्या दिवशी सरांना पंखा ऐकू आला, वर्तमानपत्राचा कागद ऐकू आला, स्वतःच्या चपला ऐकू आल्या, आणि या सगळ्याबद्दल त्यांनी सुनेला जबाबदार धरलं. बाई रोज सकाळी पंधरा मिनिटं त्यांचा सराव घेत. एवढा वाईट विद्यार्थी त्यांना उभ्या जन्मात मिळाला नव्हता. दोनदा विचारलं की चिडायचा, चुकलं की यंत्रावर ढकलायचा, आणि वादात हरायला लागला की यंत्र काढून खिशात टाकायचा.

एकदा बाईंनी विचारलंच. "एक बाई मुलाला घेऊन आली होती आपल्याकडे. माझ्या लग्नानंतर लगेच. तुम्ही म्हणालात, बाक भरायला मुलं कमी नाहीत."

सरांनी खरोखर आठवून बघितलं. "नाही बुवा. असतील. पुष्कळ यायच्या."

बाईंना वाटलं होतं, ते नाकारतील किंवा लाजतील. त्यांच्या लक्षातच नव्हतं. जी गोष्ट आपण पंचवीस वर्षं निखाऱ्यासारखी पदरात बांधून फिरलो, ती या माणसाच्या गावीही नव्हती! त्यांच्याविषयी मत सुधारावं असं यात काहीच नव्हतं, आणि ते सुधारलंही नाही.

लवंगी पुढचे तीन गुरुवार फक्त धड्यापुरतं बोलली. चौथ्या गुरुवारी बाईंनी वही बाजूला ठेवली आणि हातांनी म्हणाल्या, माझं चुकलं.

"नाही कळलं," लवंगी म्हणाली.

बाईंनी पुन्हा सांगितलं.

"नाही कळलं."

तिसऱ्यांदा सांगितल्यावर तिने गणिताची वही उघडली आणि अडलेलं उदाहरण दाखवलं. क्षमा झाली की नाही, हे बाईंनी विचारलं नाही. पलीकडे ढोल सुरू झाला होता.

मग एके दिवशी सर म्हणाले, हेडक्लार्काच्या घरी जाऊन यायचंय. नवऱ्याची मोजणी बाहेरगावी होती, म्हणून बाई त्यांना स्कूटरवर घेऊन गेल्या. तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा, खिडकीशी हेडक्लार्कांची आरामखुर्ची रिकामी. त्यांची बायको समोर बसली. बाईंनी सरांची खुर्ची उजेडाकडे पाठ येईल अशी फिरवली, म्हणजे त्यांना तिचा चेहरा दिसावा. पण ती वृद्ध बाई पदराच्या आडून, अगदी हळू बोलली. सर मन लावून बघत होते. निघताना त्यांनी तिला वाकून नमस्कार केला.

खाली रस्त्यावर आल्यावर ते थांबले. मग म्हणाले, "अर्धंच कळलं. काय म्हणाली ती?"

रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट होता. बाईंना ते गोड करून सांगता आलं असतं. तुमची फार आठवण काढायचे, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. त्या सरांच्या समोर आल्या, तोंड त्यांच्याकडे केलं आणि एकेक शब्द सुटा करून सांगितला.

"त्या म्हणाल्या, शेवटी त्यांना तुमचा राग आला होता. वर्षभर फोन केला की तुम्ही भलतंच बोलायचात, आपलंच सांगायचात आणि ठेवून द्यायचात. त्यांना वाटलं, तुम्ही टाळताय. शेवटचे दोन महिने म्हणून त्यांनी फोन केला नाही."

सर म्हणाले, "मला ऐकू येत नव्हतं."

"हो. आणि मला ते माहीत होतं."

"काय?"

"मला माहीत होतं. वर्षभर. सांगितलं नाही."

त्यांना कळलं हे बाईंना दिसलं. कोणाला शब्द पोचला आणि कोणाला नाही, हे ओळखणं हाच त्यांचा धंदा. सर त्यांच्याकडे बघत राहिले. पंचवीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच त्यांनी सुनेला इतकं नीट बघितलं असेल. एक सायकलवाला घंटी वाजवत दोघांना वळसा घालून गेला आणि सर त्या आवाजाला दचकले.

"तू मुख्याध्यापिका व्हायला पाहिजे होतीस," ते म्हणाले.

म्हणजे सरांसारखीच; याहून वाईट शिवी बाईंना आजवर कोणी दिली नव्हती. त्यांनी ती ऐकून घेतली. डिकीतून डबा काढला, सरांच्या यंत्राची बॅटरी बदलली कारण ती संपत आली होती, आणि स्कूटर सुरू केली. सर मागे बसले. डबा मांडीवर धरून बसा म्हटल्यावर त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, आणि घर येईपर्यंत सगळ्या रस्त्याला, गाड्या फार आवाज करतात, म्हणून नावं ठेवत राहिले.